बाप्तिस्मा कोण देतो? कॅथलिक श्रद्धेतील पहिल्या संस्काराचा अर्थ

बेळगाव शहरात, खानापूर तालुक्यातल्या गावांत किंवा निपाणी-चिकोडीच्या बाजूला ज्यांच्या शेजारी कॅथलिक कुटुंब राहते, त्यांना कधी ना कधी बाप्तिस्म्याचे आमंत्रण आलेले असते. बाळाला पांढरे कपडे घालून चर्चमध्ये नेतात, फादर त्याच्या डोक्यावर पाणी ओततात, मेणबत्ती पेटवतात आणि नंतर जेवण असते, एवढे बहुतेकांनी पाहिलेले असते. त्यामुळे ‘ख्रिश्चनांचे बारसे’ अशीच त्याची ओळख आपल्याकडे रूढ झाली आहे. ही ओळख आपुलकीची असली तरी अपुरी आहे, आणि खेदाची गोष्ट अशी की अनेक कॅथलिक घरांतही बाप्तिस्मा याहून फारसा खोल समजून घेतला जात नाही. हॉल कोणता घ्यायचा आणि जेवणाला किती माणसे धरायची यावर घरात भरपूर खल होतो. बाळाच्या बाबतीत त्या दिवशी नेमके काय घडणार आहे, हा विषय मात्र क्वचितच निघतो.

कॅथलिक शिकवणुकीनुसार बाप्तिस्मा ही मुळात माणसाची कृती नाही, ती ख्रिस्ताची कृती आहे. फादर पाणी ओततात, आईवडील बाळाला धरतात, जमलेले लोक प्रार्थना करतात. पण बाळाला जे मिळते ते यांपैकी कोणीही देऊ शकत नाही. हे एक सूत्र हाती आले, की या संस्कारातल्या वरवर चमत्कारिक वाटणाऱ्या गोष्टी एकामागून एक उलगडू लागतात: काहीच न समजणाऱ्या तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा का देतात, तो आयुष्यात एकदाच का होतो, प्रसंगी हिंदू किंवा मुसलमान नर्सने दिलेला बाप्तिस्माही खरा का मानला जातो, आणि उलट, अधिकृत धर्मगुरूने पाणी ओतताना म्हणायच्या ठरलेल्या वाक्यातला एक शब्द बदलला तर तो बाप्तिस्माच का ठरत नाही.

आधी बारशाचा मुद्दा निकालात काढू. विधीच्या सुरुवातीला फादर चर्चच्या दारापाशी येऊन आईवडिलांना विचारतात, ‘तुम्ही या बाळाचे नाव काय ठेवले आहे?’ या प्रश्नातच उत्तर आहे. नाव आईवडिलांनी आधीच ठेवलेले असते. ख्रिस्तसभा, म्हणजे चर्च ही श्रद्धावंतांची संस्था, ते विचारून घेते आणि त्या नावाने बाळाला हाक मारते. नाव कोणते असावे याबद्दल 1983 च्या धर्मविधीसंहितेत, म्हणजे कॅथलिक नियमांच्या संग्रहात, एवढीच अपेक्षा आहे, की ते ख्रिस्ती भावनेला परके नसावे. म्हणून आनंद, किरण, ज्योती ही नावेही बाप्तिस्म्याला चालतात. नाव पोर्तुगीज वळणाचेच हवे ही समजूत सवयीतून आलेली आहे, नियमातून नव्हे. दारापाशीच दुसरा प्रश्न येतो: ‘या बाळासाठी तुम्ही ख्रिस्तसभेकडे काय मागता?’ उत्तर असते, ‘बाप्तिस्मा.’ मागणे आहे, म्हणजे देणारा दुसरा कोणीतरी आहे.

कॅथलिक श्रद्धेत सात संस्कार मानले जातात: बाप्तिस्मा, दृढीकरण (श्रद्धेत बळकट करणारा अभ्यंग), परमप्रसाद (उपासनेत मिळणारी पवित्र भाकर), प्रायश्चित्त (पापांची कबुली व क्षमा), रुग्णाभ्यंग (आजाऱ्याला तेल लावणे), गुरुदीक्षा (धर्मगुरुपदाची दीक्षा) आणि विवाह. संस्कार म्हणजे डोळ्यांना दिसणारी, कानांनी ऐकू येणारी अशी खूण, की जी ज्या गोष्टीची खूण आहे ती गोष्ट प्रत्यक्षात घडवते. नुसते प्रतीक आणि संस्कार यांत फरक आहे तो इथे. बाप्तिस्म्यातले पाणी शुद्धीची आठवण करून देते एवढेच कॅथलिक श्रद्धा म्हणत नाही. त्या क्षणी माणूस खरोखर शुद्ध होतो, खरोखर नव्याने जन्मतो, असे ती म्हणते. हे मानायचे की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. पण कॅथलिक माणूस काय मानतो हे समजून घ्यायचे असेल, तर हे विधान जसेच्या तसे घ्यावे लागते.

या श्रद्धेचा उगम बायबलमध्ये आहे. येशूने स्वतः यार्देन नदीत योहान या संदेष्ट्याच्या हातून बाप्तिस्मा घेतला. योहानाचा बाप्तिस्मा पश्चात्तापाचा होता आणि येशूला पश्चात्तापाचे कारण नव्हते. तरीही तो पापी माणसांच्या रांगेत उभा राहिला आणि पाण्यातून वर येताच पवित्र आत्मा कबुतरासारखा त्याच्यावर उतरला, ‘तू माझा प्रिय पुत्र आहेस’ अशी वाणी झाली. पुढे पुनरुत्थानानंतर त्याने शिष्यांना सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करून पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देण्याची आज्ञा दिली. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा शेवट या आज्ञेने होतो. निकदेमस नावाच्या विद्वानाशी रात्री बोलताना येशूने म्हटले होते, की पाण्यापासून आणि आत्म्यापासून जन्मल्यावाचून कोणी देवाच्या राज्यात प्रवेश करू शकत नाही.

पण या सगळ्याचा गाभा, माझ्या मते, संत पौल या पहिल्या पिढीतल्या प्रेषिताने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात आहे. ज्यांचा ख्रिस्त येशूत बाप्तिस्मा झाला त्यांचा त्याच्या मरणात बाप्तिस्मा झाला, असे पौल तिथे सांगतो. त्याच्याबरोबर ते पुरले गेले, ते अशासाठी की जसा ख्रिस्त मेलेल्यांतून उठला तसे त्यांनीही नव्या जीवनात चालावे. बाप्तिस्म्याचे पाणी म्हणजे आधी कबर आणि मग कूस. सुरुवातीच्या शतकांत दीक्षार्थी, म्हणजे बाप्तिस्म्याची तयारी केलेली माणसे, पाण्यात उतरत, बुडत आणि वर येत, तेव्हा हा अर्थ सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडत असे. आज आपल्याकडे बहुधा डोक्यावर तीनदा पाणी ओततात. ही पद्धतही तितकीच जुनी आहे: पहिल्या ख्रिस्ती पिढ्यांच्या ‘दिदाखे’ या पुस्तिकेत बाप्तिस्म्यासाठी वाहते किंवा दुसरे पुरेसे पाणी मिळाले नाही तर डोक्यावर तीनदा पाणी ओतावे, असे लिहून ठेवले आहे. तरी ओतण्याच्या पद्धतीत मरणाचा अर्थ झाकला जातो, आणि म्हणून तो शब्दांनी पुन्हा पुन्हा सांगावा लागतो.

पाणी मारते आणि तारते, हे आपल्या भागात कोणाला वेगळे सांगायला नको. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पुढे ज्या शेतांना जगवते, त्याच शेतांवरून ती 2019 च्या ऑगस्टमध्ये धावून गेली. कृष्णा आणि घटप्रभेच्या काठीही तेच झाले. बाप्तिस्म्याच्या पाण्याला आशीर्वाद देताना फादर जी लांब प्रार्थना म्हणतात, तिच्यात पाण्याची ही दोन्ही रूपे आहेत: सृष्टीच्या आरंभी पाण्यावर तरंगणारा देवाचा आत्मा, नोहाच्या काळचा प्रलय, इस्राएल लोकांना वाट देणारा आणि फारोच्या सैन्याला गिळणारा तांबडा समुद्र, यार्देन नदी आणि क्रुसावर ख्रिस्ताच्या कुशीतून वाहिलेले रक्त व पाणी. ही प्रार्थना चालू असताना फोटोग्राफर सगळ्यांना सरकवत असतो, ही मला फार खटकणारी गोष्ट आहे. संपूर्ण तारणाचा इतिहास तिथे चार-पाच वाक्यांत सांगितला जात असतो.

आता बाळाच्या बाबतीत काय बदलते ते पाहू. पहिली गोष्ट म्हणजे पापक्षमा. प्रौढ माणसाच्या बाप्तिस्म्यात त्याची स्वतःची सगळी पापे, त्यांच्या शिक्षेसकट, पुसली जातात. तान्ह्या बाळाने कसले पाप केले, असा प्रश्न साहजिकच येतो, आणि त्याचे सरळ उत्तर असे की काहीही नाही. मूळ पाप म्हणजे बाळाने केलेला अपराध नव्हे, ती बाळाला वारशाने आलेली उणीव आहे. आजोबांनी सगळी जमीन घालवली तर नातू भूमिहीन जन्मतो. त्याचा त्यात काडीचाही दोष नसतो, पण जमीन नसणे मात्र खरे असते. देवाच्या ज्या सहवासासाठी माणूस निर्माण झाला तो सहवास पहिल्या मानवाने गमावला, आणि त्याशिवायच आपण सगळे जन्मतो, अशी ही शिकवण आहे. बाप्तिस्म्यात तो सहवास, म्हणजेच देवाची कृपा, परत मिळते. मात्र पापाकडे झुकणारी ओढ शिल्लक राहते; बाप्तिस्मा झालेला माणूसही खोटे बोलतो, रागावतो, घसरतो, आणि म्हणून तर पुढे प्रायश्चित्ताचा संस्कार आहे.

दुसरी गोष्ट पहिलीहून मोठी आहे, पण तिच्याविषयी आपण कमी बोलतो. बाप्तिस्म्याने माणूस देवाचे दत्तक मूल होतो आणि ख्रिस्ताच्या शरीराचा अवयव होतो. देव आजवर निर्माणकर्ता होता, तो आता बाप होतो. ‘हे आमच्या स्वर्गीय पित्या’ म्हणण्याचा अधिकार इथून सुरू होतो. आणि ज्या अर्थी एकाच शरीराचे अवयव, त्या अर्थी बाप्तिस्मा झालेली सगळी माणसे एकमेकांची. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल म्हणतो, की ख्रिस्तात बाप्तिस्मा झालेल्या तुम्ही ख्रिस्त परिधान केला आहे. यहूदी व ग्रीक, दास व स्वतंत्र, पुरुष व स्त्री हा भेद आता उरला नाही. 1953 मध्ये स्थापन झालेल्या बेळगाव धर्मप्रांतात मराठी, कोकणी, कन्नड अशा वेगवेगळ्या मातृभाषांची माणसे एकाच वेदीभोवती जमतात, आणि सीमाप्रश्नावर त्यांची मते काहीही असोत, स्नानकुंड सगळ्यांचे एकच असते. जातीबाबतही हेच व्हायला हवे होते. भारतातल्या ख्रिस्तसभेत ते अनेक ठिकाणी पूर्णपणे झालेले नाही, आणि बाप्तिस्म्याचा अर्थ मानणाऱ्या माणसाला ही गोष्ट टोचली पाहिजे.

विधीतल्या खुणा या अर्थाच्याच आहेत. दारापाशी फादर बाळाच्या कपाळावर क्रुसाची खूण करतात आणि मग आईवडील व गॉडपेरेंट्सनाही (बाळाच्या धर्मपिता-धर्ममातेलाही) ती करायला सांगतात. अनेकदा हात थरथरतो, अंगठा नेमका कुठे टेकवायचा ते कळत नाही, पण ज्याने बाळाला जन्म दिला त्याच हाताने त्याला ख्रिस्ताच्या स्वाधीन करण्याचा हा क्षण आहे. बायबलच्या वाचनानंतर संतांच्या नावांचा धावा होतो, वाइटापासून सुटकेची प्रार्थना होते आणि बाळाच्या छातीला दीक्षार्थींचे तेल लावले जाते. यानंतर सैतानाचा आणि त्याच्या कृत्यांचा त्याग व श्रद्धेची कबुली. इथे एक बारीक पण महत्त्वाचा तपशील आहे. जुन्या विधीत हे प्रश्न बाळाला उद्देशून विचारले जात आणि त्याच्या वतीने गॉडफादर उत्तर देत. 1969 मध्ये, जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, प्रथमच खास बालकांसाठी स्वतंत्र विधी तयार झाला, आणि त्यात हे प्रश्न आईवडील व गॉडपेरेंट्स यांना त्यांच्या स्वतःच्या नावाने विचारले जातात. ‘सैतानाचा त्याग करता काय?’ याला आपण ‘होय’ म्हणतो तेव्हा बाळाचे नव्हे, आपले स्वतःचे वचन देत असतो.

मग मुख्य क्षण येतो. बाळाचे डोके कुंडावर धरले जाते, फादर नाव घेऊन म्हणतात, ‘मी तुला पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देतो,’ आणि प्रत्येक नावासरशी एकदा पाणी ओततात. बाळ बहुधा रडते, आजी पदराने त्याचे कान पुसते, आणि एवढ्यात सारे झालेले असते. त्यानंतरच्या खुणा झालेल्या गोष्टीचा उलगडा करतात. टाळूला लावतात ते ख्रिज्मा नावाचे सुगंधी तेल असते. ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहातील मिस्सात (कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत) धर्मप्रांताचे प्रमुख असलेले बिशप ते आशीर्वादित करतात आणि तिथून ते धर्मप्रांतातल्या प्रत्येक चर्चमध्ये पोचते. प्राचीन इस्राएलात याजक, संदेष्टे आणि राजे यांना तेलाचा अभ्यंग होत असे. ख्रिस्ताच्या या तिन्ही पदांत बाळ आता सहभागी झाले आहे, असा त्याचा अर्थ. पांढरे वस्त्र म्हणजे ख्रिस्त परिधान केल्याची खूण. आणि मेणबत्ती पेटवायची ती पास्काच्या (ईस्टरच्या) मोठ्या मेणबत्तीवरूनच. उठलेल्या ख्रिस्ताची ज्योत बाळाच्या वडिलांच्या किंवा गॉडफादरच्या हाती दिली जाते. काडेपेटीने परस्पर पेटवलेली मेणबत्ती दिसायला सारखीच असते, पण तिच्यात हा अर्थ उरत नाही.

तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा काही ख्रिस्ती पंथांना मान्य नाही. आधी श्रद्धा, मग बाप्तिस्मा, असे ते म्हणतात. हा आक्षेप गंभीर आहे. कॅथलिक उत्तर आपल्या सूत्रापाशीच येते: देणारा देव असेल, तर घेणाऱ्याची लायकी ही पूर्वअट होऊ शकत नाही. बाळ आईचे दूध कळून-सवरून मागत नाही, प्रेम कमावत नाही. कृपा ही माणसाच्या उत्तराच्या आधी येते, हे बालकाच्या बाप्तिस्म्याइतके स्वच्छ दुसऱ्या कशातच दिसत नाही. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात लुदिया नावाच्या स्त्रीचा आणि फिलिप्पै शहरातल्या तुरुंगाधिकाऱ्याचा त्यांच्या सर्व घराण्यासह बाप्तिस्मा झाल्याचे वर्णन आहे. पण श्रद्धेची गरज यामुळे संपत नाही. बाळाचा बाप्तिस्मा ख्रिस्तसभेच्या श्रद्धेच्या भरवशावर होतो, आणि त्या श्रद्धेत ते वाढेल अशी सयुक्तिक आशा असावी लागते. तशी आशा अजिबातच नसेल, तर बाप्तिस्मा पुढे ढकलावा आणि आईवडिलांना त्याचे कारण सांगावे, असा नियम आहे.

ढकलण्याचे एक दुसरे, अगदी वेगळे कारण आपल्याकडे फार चालते. काका आखातातून डिसेंबरात येणार, मामा पुण्याहून सुट्टी मिळाल्यावर येणार, म्हणून बाप्तिस्मा सहा-सहा महिने लांबतो. जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत बाप्तिस्मा व्हावा याची काळजी आईवडिलांनी घ्यावी, असे धर्मविधीसंहिता सांगते. नातेवाइकांचा मेळ घालणे चुकीचे नाही, पण मेळ हे मुख्य आणि बाप्तिस्मा हे निमित्त होऊन बसते तिथे काहीतरी उलटे झालेले असते.

गॉडफादर-गॉडमदरच्या निवडीतही असेच होते. नियमाने एक धर्मपिता किंवा एक धर्ममाता पुरते, किंवा दोघे घ्यावेत. त्यांनी साधारणपणे वयाची 16 वर्षे पूर्ण केलेली असावीत, ते स्वतः दृढीकरण व परमप्रसाद घेतलेले कॅथलिक असावेत, त्यांचे जगणे श्रद्धेला धरून असावे, आणि बाळाचे आईवडील या जागी चालत नाहीत. दुसऱ्या पंथाचा बाप्तिस्मा झालेला ख्रिस्ती माणूस कॅथलिक गॉडपेरेंटच्या जोडीने साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो. बाळाला श्रद्धेत वाढवण्यासाठी आईवडिलांना साथ देणे हे गॉडपेरेंट्सचे काम आहे. सोन्याची साखळी कोण देईल या हिशेबाने केलेली निवड पुढे मुलाच्या धर्मशिक्षणाच्या वेळी कामी येत नाही. जिवलग हिंदू मित्राला गॉडफादर करता येत नाही याचे काहींना वाईट वाटते. त्यात मित्राचा अपमान नाही, कारण जी श्रद्धा त्याची नाही तिची कबुली त्याच्या तोंडून वदवून घेणे हाच त्याच्यावर अन्याय झाला असता.

आता त्या प्रश्नाकडे वळू जो इतिहासात सर्वांत जास्त गाजला: बाप्तिस्मा देणारा माणूस कसा असावा? तिसऱ्या शतकात, 256 च्या सुमारास, कार्थेजचे बिशप सिप्रियन आणि रोमचे पोप स्टीफन यांच्यात यावरून कडाक्याचा वाद झाला. ख्रिस्तसभेपासून फुटून निघालेल्या गटांनी दिलेला बाप्तिस्मा खरा नव्हे, ते लोक परत आले तर त्यांना बाप्तिस्मा द्यायला हवा, असे सिप्रियनचे म्हणणे; तो पुन्हा देऊ नये, असे स्टीफनचे. पुढे संत ऑगस्टिन या बिशपने डोनाटिस्ट पंथीयांशी (अपात्र धर्मगुरूने दिलेला संस्कार खरा नव्हे असे मानणाऱ्यांशी) वाद घालताना हा गुंता कायमचा सोडवला. त्याचे म्हणणे असे, की येशूचा प्रमुख शिष्य पेत्र याने बाप्तिस्मा दिला तरी देणारा ख्रिस्त आहे, आणि येशूला धरून देणाऱ्या यहूदाने दिला तरी देणारा ख्रिस्तच आहे. हात पवित्र असो वा अपवित्र, देणगी त्या हाताची नाही.

यातून तीन गोष्टी निघतात, आणि तिन्ही आपल्या रोजच्या जगण्याशी संबंधित आहेत.

पहिली गोष्ट तातडीच्या बाप्तिस्म्याची. एरवी बाप्तिस्मा बिशप, धर्मगुरू किंवा डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरचे दीक्षित सेवक) देतात. पण बाळ अत्यवस्थ असेल आणि फादर येईपर्यंत वेळ नसेल, तर कोणीही, अगदी स्वतःचा बाप्तिस्मा न झालेला माणूसही, तो देऊ शकतो. बाप्तिस्मा देताना ख्रिस्तसभा जे करते तेच करण्याचा त्याचा हेतू असला म्हणजे पुरे. साधे, स्वच्छ पाणी बाळाच्या डोक्यावरून वाहील असे ओतायचे आणि त्याच वेळी ‘मी तुला पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देतो’ हे सूत्र म्हणायचे. आईवडिलांनी विनंती केली आणि नर्सने हे केले, तर तो पूर्ण बाप्तिस्मा आहे. बाळ बरे झाले की त्याला चर्चमध्ये नेऊन तेल, वस्त्र, ज्योत हे उरलेले विधी करतात, नोंद करतात. पाणी मात्र पुन्हा ओतत नाहीत. प्रत्येक कॅथलिक घरात हे सूत्र पाठ असायला हवे.

दुसरी गोष्ट इतर पंथांच्या बाप्तिस्म्याची. बेळगावात मेथडिस्ट आहेत, इतर प्रोटेस्टंट पंथांचे लोक आहेत, आणि त्यांच्या व कॅथलिकांच्या घरांत सोयरिकी होतात. पाण्याने आणि त्रैक्याच्या (पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या) नावाने झालेला त्यांचा बाप्तिस्मा कॅथलिक ख्रिस्तसभा मान्य करते. मेथडिस्ट घरातली मुलगी पुढे स्वेच्छेने कॅथलिक झाली, तर तिचा बाप्तिस्मा पुन्हा होत नाही. ती श्रद्धेची कबुली देते आणि तिला दृढीकरण व परमप्रसाद मिळतात. 381 साली पूर्णत्वास गेलेल्या श्रद्धासूत्रात ‘पापांच्या क्षमेसाठी एकच बाप्तिस्मा’ असे शब्द आहेत, आणि रविवारच्या मिस्सात आपण ते म्हणतो. पुनरावृत्ती न होण्याचे कारणही तेच: बाप्तिस्म्याने आत्म्यावर एक अमिट मुद्रा उमटते. माणूस श्रद्धा सोडून गेला, वर्षानुवर्षे चर्चमध्ये फिरकला नाही, तरी ती पुसली जात नाही. परत आला तर त्याला प्रायश्चित्ताचा संस्कार मिळतो, बाप्तिस्मा नव्हे. माणसाने वचन मोडले तरी देव आपले मोडत नाही, हे ऐकून पुष्कळ वर्षांनी परतलेली माणसे हलून जातात.

तिसरी गोष्ट शब्दांची. 2020 च्या ऑगस्टमध्ये रोमने स्पष्ट केले, की ‘आम्ही तुला बाप्तिस्मा देतो’ असे म्हणून दिलेला बाप्तिस्मा वैध नाही. त्यानंतर अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या एका तरुण धर्मगुरूने स्वतःच्या बाप्तिस्म्याची जुनी चित्रफीत पाहिली, तिच्यात डीकनने ‘आम्ही’ म्हटलेले ऐकू आले, आणि त्याला बाप्तिस्म्यापासून गुरुदीक्षेपर्यंत सगळे संस्कार नव्याने घ्यावे लागले. एका शब्दासाठी एवढा खटाटोप कशाला, असे अनेकांना वाटले. पण ‘मी’ म्हणणारा धर्मगुरू तिथे स्वतःच्या नावाने बोलत नसतो. त्याच्या मुखाने ख्रिस्त बोलत असतो. ‘आम्ही’ म्हटले की देणारा बदलतो: जमलेला समुदाय, कुटुंब, गाव हे देणारे होतात. सूत्र मराठीत म्हणा, कोकणीत म्हणा, कन्नडमध्ये म्हणा, काही बिघडत नाही. पण ‘मी’ हा हवाच.

प्रौढांच्या बाप्तिस्म्याचा मार्ग वेगळा आणि लांब असतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने प्राचीन दीक्षार्थीकाळ पुन्हा सुरू करण्याचे ठरवले आणि त्याचा विधी 1972 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शिक्षण, प्रार्थना, समाजाशी ओळख हे टप्प्याटप्प्याने होते, आणि शेवटी शक्यतो पास्काच्या जागरणाच्या रात्री बाप्तिस्मा, दृढीकरण व परमप्रसाद हे तिन्ही संस्कार एकत्र मिळतात. प्रौढाने स्वतः, मोकळ्या मनाने इच्छा व्यक्त करणे ही इथे अट आहे. कोणावरही श्रद्धा लादू नये हे संहितेचेच वचन आहे. धाकाने किंवा आमिषाने कोणाला पाण्यापाशी आणणे हे बाप्तिस्म्याच्या अर्थालाच विरोधी आहे, कारण बळजबरीने दिलेल्या देणगीला देणगी म्हणत नाहीत.

एक प्रश्न उरतो, आणि तो विचारणारी बहुधा आई असते: बाप्तिस्मा होण्याआधीच बाळ गेले तर? पूर्वी ‘लिंबो’ नावाच्या अवस्थेची कल्पना सांगितली जात असे, जिथे दुःख नाही पण देवाचे दर्शनही नाही. ही कल्पना ख्रिस्तसभेची बंधनकारक शिकवण कधीच नव्हती. आजची शिकवण सांगते, की देवाने तारण बाप्तिस्म्याशी जोडले आहे, पण तो स्वतः आपल्या संस्कारांनी बांधलेला नाही. ख्रिस्तासाठी बाप्तिस्म्याविना प्राण देणाऱ्याचा बाप्तिस्मा रक्ताने झाला असे मानतात. बाप्तिस्म्याची तळमळ असताना मरण आलेल्या दीक्षार्थीची ती तळमळच पुरेशी होते. बालकांना ख्रिस्तसभा देवाच्या दयेवर सोपवते, आणि 2007 मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईश्वरविज्ञान आयोगाने अशा बालकांच्या तारणाची आशा बाळगण्यास भक्कम आधार असल्याचे सविस्तर मांडले. अशा बाळाच्या आईला बाप्तिस्मा राहिल्याबद्दल बोल लावणे हे अज्ञान तर आहेच, शिवाय निर्दयपणाही आहे.

बाप्तिस्मा झाला, की पॅरिशच्या (त्या भागातल्या चर्चच्या) मोठ्या रजिस्टरात नोंद होते: बाळाचे नाव, आईवडील, गॉडपेरेंट्स, बाप्तिस्मा देणारा, जागा आणि तारीख. दृढीकरण आणि विवाह यांची नोंदही, ते कुठेही झाले तरी, कळवली जाऊन याच ओळीच्या शेजारी होते. म्हणून पुण्यात किंवा गोव्यात लग्न ठरलेला मुलगा खानापूरच्या आपल्या जुन्या चर्चमध्ये ताजा दाखला मागायला येतो. त्या ओळीपुढची जागा सुरुवातीला रिकामी असते. बाप्तिस्मा हे दार आहे, असे ख्रिस्तसभा म्हणते. दृढीकरणाने तो बळकट होतो आणि परमप्रसादाने पोसला जातो, आणि सात-आठ वर्षांनी मुलाला पहिल्या परमप्रसादाच्या वर्गात बसवताना आईवडिलांना त्या ‘होय’ची पहिली जाहीर विचारणा होते.